शेवटच्या कडव्यातली रिकामी जागा

वन्सं, तुम्ही गेल्यावर तुमच्या जलदानाच्या कार्यक्रमात तुमच्या गायन पार्टीतल्या पोरींनी पाटीचं गाणं म्हणलं. अन् शेवटच्या कडव्यात, जिथं तुम्ही इतकी वर्षं तोंड मिटून उभ्या राहायच्या, तिथं त्यांनी तुमचं नाव घातलं. 'शांता म्हणे.' मंडपात एकदम हुंदके फुटले. बायांनी पदर तोंडाला लावले. मीबी रडले. लोकांना वाटलं, नणंदेसाठी रडती बिचारी. तुमच्यासाठी रडतच होते, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं निम्मं रडू माझं माझ्यासाठी होतं, अन् हे तुमच्याशिवाय मी कुणाला सांगणार?

आपल्याकडं भीमजयंतीच्या गाण्यांत रीतच आहे, लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. अमका म्हणे, तमका सांगे. ऐकणारे त्या नावाची वाट बघत बसलेले असतात. नाव आलं की टाळी पडते अन् गाणं कुणाचं ते कळतं. आपल्या गाण्यात त्या ठिकाणी काहीच नव्हतं. तुम्ही गप्प व्हायच्या, ढोलकी तेवढ्या चार मात्रा भरून काढायची, मग तुम्ही 'म्हणे बाई गं'पासून पुढं उचलायच्या. लोक म्हणायचे, काय लकब आहे शांताबाईची! वाळूजच्या कार्यक्रमात तर एका पेटीवाल्यानं तुम्हाला विचारलं होतं, ही घराण्याची पद्धत का? तुम्ही म्हणाल्या, 'व्हय, भावजयीच्या घराण्याची.' त्याला काही कळलं नाही. मी मागं सतरंजीवर बसून खाली मान घातली.

ती लकब नव्हती. ते आपलं भांडण होतं, गावभर गाऊन दाखवलेलं.

गाणं मी लिहिलं होतं. माझ्या आईवर, सिल्लोडला ती म्हातारपणी सही शिकली त्याच्यावर.

अंगठ्याची शाई माझ्या माऊलीनं गं पुसली
साठाव्या वरसाला ती पाटी घेऊन बसली

लिहिलं तेव्हा तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही कणीक मळता मळता दोनदा ऐकलं अन् तिसऱ्यांदा म्हणूनच दाखवलं, चाल लावून. शेवटच्या कडव्यात मी तुमचं नाव लिहिलं होतं. मंदा अन् शांता, दोन्ही नावं एकाच मापाची, चालीत कुठंच अडत नव्हती. तुम्ही तिथं आल्या अन् थांबल्या.

'हे काय? गाणं तुझं अन् नाव माझं?'

'गाणार तुम्हीच ना? मग तुमचंच.'

'दुसऱ्याचं लेकरू कडेवर घेऊन फोटो काढीत नसत्यात मंदे. मी तुझं नाव घालते.'

'घाला की. मग मी ही वही चुलीत घालते.'

तुमचं तोंड कणकेच्या हातासारखं पांढरं झालं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता, मी घातली असती. मग तुम्ही तोडगा काढला, ना तुझं ना माझं. मला वाटलं होतं चार दिवसांत कंटाळून आपलं नाव घालाल. तुम्ही मरेपर्यंत घातलं नाही. असं हट्टी माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

अन् गाणं काय सांगत होतं, ते तर बघा.

शिकलीस सही आता, कुणापुढं वाकू नको
मंदा म्हणे बाई गं तू, नाव तुझं झाकू नको

आज पहिल्यांदा हे असं पुरं लिहिलं. तुम्ही मला यावरून काय कमी बोलल्या? 'लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुनियेला म्हणती नाव झाकू नको, अन् स्वतः पदराखाली बसली.' मी म्हणायची, मला नाही जमत. तुम्ही म्हणायच्या, 'जमत नाय का करायचं नाय?' मग मी भांडी जोरात आपटायची.

आपल्या गावचं, पिशोरचं, तुम्हाला माहीतच आहे, तरी सांगते. आता सांगण्याशिवाय माझ्या हातात काय आहे? लग्नाला दुसरंच वर्ष होतं. मी शाळेत गायची हे सासूबाईंना कुठून कळलं कोण जाणे. जयंतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज केलेलं, त्यावर त्यांनी मला ढकलली, 'आमची सून गाती!' पेटीवाल्यानं सूर दिला अन् मी घाबरून त्याच्याहून वरचाच सूर धरला. धृपद कसंबसं निघालं. अंतऱ्याला आवाज चढेना. ओढला, तर फाटला. असा फाटला की माझा मलाच ओळखू येईना. पुढच्या रांगेत तुमची रुक्माकाकू बसलेली. ती मोठ्यानं म्हणली, 'अगं बाई, कोंबडी आरवली की!' सगळी रांग खोखो हसली. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, त्यांनी विचारून घेतलं अन् मग तेबी हसले.

तुम्ही तेव्हा नुकत्या माहेरी परत आलेल्या. परत कसल्या आल्या, नवऱ्यानं अख्ख्या आळीसमोर भांडी रस्त्यावर फेकून हाकललेलं. चार महिने तुम्ही उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता. त्या दिवशी भिंतीला टेकून मागं उभ्या होत्या. माझी गत बघून तुम्ही गर्दीतून वाट काढत आल्या, ट्रॉलीवर चढल्या, माझ्या हातातला माइक घेतला अन् गाणं पुढं सुरू केलं. तुम्हाला ते अर्धंच येत होतं. दुसऱ्या कडव्याला विसरल्या. मला वाटलं, संपलं, आता दोघींनी विहीर जवळ करावी. अन् तुम्ही माइकमध्ये हसल्या! 'थांबा वो, विसरले. पुन्हा पहिल्यापासून घेते.' अन् घेतलं. लोक तुमच्यावरबी हसले, वन्सं. तेच लोक, तेच दात. पण तुम्ही त्यांच्यासंगं हसल्या अन् मी ट्रॉलीवरून उतरून पळाले. तुमची भीती त्या दिवशी गेली, अन् माझी त्या दिवशी जी बसली ती उठलीच नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, तुम्हाला लाज नाही वाटली? तुम्ही तांब्याभर पाणी प्यायल्या अन् म्हणाल्या, 'कशाची? त्यानं मला गावासमोर रस्त्यावर काढलं. त्याच्यापेक्षा बेसूर काय असतंय?'

नंतर यांना कंपनीत परमनंट केलं अन् आपण तिघं बजाजनगरला आलो. तुम्ही कँटीनला चपात्या लाटायला लागल्या, विहारात बायांची गायन पार्टी काढली. पिशोरची पोरं मला बघून बांग द्यायची, ते इथं कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं सुटले. कुठली सुटते? पोराच्या शाळेत पालकसभेत हात वर करायचा म्हणलं तरी मी तो पदराखाली लपवायची. विहारात वंदना म्हणतानासुद्धा मी नुसते ओठ हलवायची. तुम्ही एकदा शेजारी बसून कान लावला अन् भर वंदनेत मला चिमटा काढला.

पण लिहिणं थांबलं नाही. पिठाच्या डब्यावर वही ठेवून लिहायची. तुम्ही कँटीनवरून आल्या की चपला काढायच्या आत विचारायच्या, 'काय झालं का आज?' जगात मला असं विचारणारं एकच माणूस होतं. यांनी पगार आणला, पोरानं मार्क आणले, सगळं बरं झालं, पण 'काय झालं का आज' हे तुम्हीच विचारायच्या. आता पाच वाजले की मी दाराकडं बघते. मग स्वतःलाच शिव्या घालते अन् चहा टाकते.

आज एक कबूल करते. तुमच्या टाळ्या मला सहन व्हायच्या नाहीत. मी मागं सतरंजीवर बसायची, लेकीसुनांच्या पिशव्या सांभाळायची, अन् टाळी पडली की माझं आहे, माझं आहे, असं आतून कुणीतरी ओरडायचं. मग घरी येऊन तुमच्यावर उगंच खेकसायची, दूध उतू घालवलं म्हणून, गॅस चालू ठेवला म्हणून. तुम्हाला कळायचं. तुम्ही ऐकून घ्यायच्या. अन् गाणं पडलं, लोक उठून गेले, ढोलकी चुकली, की मला बरं वाटायचं, सुटले बाई, माझं नाव नव्हतं. पडलं तर तुमचं, चाललं तर मनातल्या मनात माझं. किती सोयीचं केलं होतं मी! भित्रं माणूस बिचारं असतं असं लोकांना वाटतं. ते लई हिशोबी असतं, वन्सं.

भीती मोडायचे तुमचे उपाय म्हणजे एकेक तऱ्हा. भाजीबाजारात रस्त्याच्या ह्या कडेला मला उभी करायच्या अन् म्हणायच्या, इथून वरड, भेंडी कशी दिली. मी पुटपुटायची. पलीकडचा भाजीवाला म्हणायचा, 'क्या बोल रही बाजी, जरा जोर से बोलो ना!' अन् तुम्ही पोट धरून हसायच्या. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना म्हणायच्या, कावळ्यांसाठी गा. 'त्यांना काव काव करायची लाज वाटत नाय, तुला कशाची वाटती?' एकदा खरंच गायले. भर दुपार, गच्चीवर आपण दोघी, तुम्ही डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आवाज फाटला नाही. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं अन् तुम्ही ते पुसत नव्हत्या. तिसऱ्याला शेजारच्या गच्चीचं दार वाजलं अन् मी खाली बसले, कुरडया उलटायला लागले. तुम्ही जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, 'एवढा गोड गळा, अन् त्याला कुलूप.' माझ्या तोंडून ते गाणं तुम्ही कधी पुरं ऐकलं नाही.

आता ते भांडण. ते मिटलं असं तुम्ही दाखवलं, पण मिटलं नव्हतं.

तुमच्या पार्टीतली प्रज्ञा, ती नर्सिंग शिकणारी, तिनं शहरात एका स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरवलं. पाटीचं गाणं. तुम्ही हरखून गेल्या होत्या. नवं पातळ काढून ठेवलं, आठ दिवस थंड पाणी बंद. मग तिचा फोन आला, 'ताई, कवी म्हणून कुणाचं नाव टाकायचं?' तुम्ही फोन स्पीकरवर टाकला, म्हणाल्या, 'थांब, देते,' अन् माझ्या तोंडापुढं धरला. डोळ्यांनी म्हणत होत्या, बोल. एवढं एक नाव बोल. समोर माणूस नाही, गर्दी नाही, माइक नाही. एक पोरगी फोनवर. डोळ्यांपुढं आलं, नाव छापून येणार, पिशोरला जाणार, तिथं कुणीतरी म्हणणार, ही तीच ना कोंबडी? अन् मी म्हणलं, 'अगं, शांताताईंचंच टाक. त्याच लिहितात. सांगायला लाजतात त्या.'

प्रज्ञा खुशीत ओरडली, 'मला वाटलंच होतं!' तुम्ही फोन कट केला. असा राग मी तुमच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

'मला लाजाळू केलंस? मला? अन् वरून चोर?'

'चोर कशाच्या? मी देतेय ना.'

'मी मागितलं व्हतं? एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, मंदे, पण गाडी निघायच्या आत येऊन बसावं लागतं. इतकी वर्षं मी तुझा रुमाल धरून उभी हाय. माझे पाय दुखायला लागले आता.'

अन् मी म्हणलं, 'मग नको उभी राहू. तू गप बस.' लग्न झाल्यापासून तुम्हाला पहिल्यांदा 'तू' म्हणलं. तेच शेवटचं.

तुम्ही रेकॉर्डिंगला गेल्या नाहीत. प्रज्ञाला सांगितलं, घसा बसला. नवं पातळ घडी करून परत ठेवलं. सबंध जन्मात तुम्हाला एक संधी आली अन् ती माझ्यापायी गेली, कारण चोरीच्या नावानं तुम्हाला गायचं नव्हतं. आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी तुम्ही म्हणाल्या, 'चहात साखर कमी हाय,' अन् मी साखर घातली, अन् आपण दोघींनी झालं गेलं गंगेला मिळालं असं धरलं. मी माफी मागायची राहून गेली. मागू, म्हणलं. घरातलंच माणूस, जातंय कुठं?

महिन्याभरात तुम्ही कँटीनमध्ये लाटणं हातात घेऊनच खाली पडल्या.

दवाखान्यातले तीन दिवस मी कुणाला सांगितले नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, यांना बोलता येत नाही, पण ऐकू जातंय, बोलत राहा. तुमचे भाऊ म्हणाले, 'मंदा, तिला गाणं म्हण ना. तुझ्या आवाजात.' बघा, त्यांनाबी माहीत होतं तुम्हाला काय पाहिजे ते. दुपारची भेटायची वेळ. वॉर्डात आठ खाटा अन् खाटेगणिक दोन-तीन माणसं. शेजारच्या म्हातारीची सून डबा उघडून बसलेली. मी तुमच्या कानाशी वाकले. तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेवर आला होता, खरं सांगते, आला होता. तेवढ्यात त्या सुनेनं माझ्याकडं बघितलं. हसली नाही, काही नाही, नुसतं बघितलं. अन् मी सरळ झाले अन् पर्समधून मोबाइल काढला. गेल्या जयंतीचं रेकॉर्डिंग होतं, ते लावून तुमच्या कानाला धरलं. तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवला.

तुम्ही माझ्याकडं बघत होत्या. सबंध गाणं बघत होत्या. ती नजर रागाची होती का कीव होती, का नुसतीच नजर होती, मला कळलं नाही, अन् आता कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेल्या.

मरणाऱ्या माणसापुढं लाजणारी बाई कुणी पाहिली का? मी आहे. मी पाहिली, रोज आरशात बघते. लोक म्हणतात, वेळ आली की भीती जाते. माझ्यावर याच्यापेक्षा मोठी वेळ कुठली येणार होती?

मग जलदान. भंतेजींनी वंदना घेतली, पोरींनी गाणं म्हणलं, ते तुम्हाला वर सांगितलंच. गाणं झाल्यावर प्रज्ञानं माइकवरून माझं नाव घेतलं, 'काकूंनी ताईंबद्दल दोन शब्द बोलावेत.' तुमच्या भावानं माझ्याकडं बघितलं. आदल्या दिवशीच ते म्हणाले होते, 'मी सांगू का सगळ्यांना?' मी त्यांना तुमची शपथ घातली होती, म्हणलं, मी सांगते, माझं मी सांगते. अन् मी सांगायचंच ठरवून उठले, वन्सं. मनात वाक्य पाठ केलं होतं. 'ते गाणं मी लिहिलंय, अन् ह्या बाईनं जन्मभर माझ्यासाठी जागा धरली.' एवढंच. माइक हातात आला. सगळे माझ्याकडं बघत होते, आपलीच माणसं, डोळे पुसत. मी जयभीम केला. अन् तोंडातून निघालं, 'जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका. बुंदी भरपूर हाय.'

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणलं, बिचारीला बोलवेना. मी माइक दिला अन् वाढायला गेले.

पंगतीत रुक्माकाकू बसलेली. पिशोरहून आली होती, आता दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतंय तिला. मी वरण वाढायला वाकले अन् मला काय झालं माहीत नाही, मी तिथंच तिच्यापुढं खाली बसले. म्हणलं, 'काकू, मी पिशोरला ट्रॉलीवर गायले होते, आवाज फाटला होता, तुम्ही म्हणलात कोंबडी आरवली. आठवतंय का?'

काकूनं घास थांबवला. मग म्हणली, 'तू? तू गात व्हतीस व्हय? मला तं शांताच आठवती गाताना.'

'मी होते आधी. तुम्ही हसलात.'

'हसले असंन माय. मी तं ज्याला त्याला कोंबडी म्हणते. माझ्या लेकाला लग्नात म्हणलं व्हतं.' अन् तिनं माझ्या हातावर हात ठेवला. 'लागलं व्हतं का तुला? कवाची गोष्ट गं? घाल थोडा भात.'

मी भात वाढला.

तिला आठवत नाही, वन्सं! ज्या हसण्यापायी मी गळा बंद केला, तुमचं रेकॉर्डिंग बुडवलं, तुम्हाला गाण्यावाचून जाऊ दिलं, ते हसणं जगात कुणाकडंच नव्हतं. मी एकटीच ते घेऊन बसले होते. त्या रांगेतल्या निम्म्या बाया मरून गेल्या अन् उरलेल्यांना मी गायले होते हेच आठवत नसेल. मग मी कुणाला भीत होते? हे सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही कपाळावर हात मारला असता, 'येडे, मी काय म्हणत व्हते!' अन् मग लई हसल्या असत्या. मीबी हसले असते कदाचित.

तर मला वाटलं, आता तरी सुटेन. भीतीला मूळच नाही हे कळलं, म्हणजे ती जायला पाहिजे, होय ना? परवा प्रज्ञा घरी आली. पोरींना पुस्तिका काढायचीय, तुमच्या पहिल्या स्मृतिदिनाला. 'कालकथित शांताताई यांची गाणी' असं वर लिहायचं ठरलंय. वही मागायला आली होती. मी म्हणलं, आज सांगायचं. एकटीच आहे ती, गुणी पोरगी आहे, हसणार नाही, उलट गळ्यात पडून रडेल. चहा टाकला. चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहून मी वाक्य चार वेळा म्हणून बघितलं, अन् मोठ्यानं म्हणून बघितलं, जमलं. वही आणून तिच्या हातात दिली. समोर बसले. तोंड उघडलं.

तिनं वही उघडली. पहिल्या पानावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले.

'काकू, बरं झालं तुम्ही तेव्हा फोनवर सांगितलं, नायतर ताईंनी कधी कळूच दिलं नसतं,' ती म्हणली. 'अन् अक्षर तं बघा. किती सुंदर अक्षर हाय ताईंचं!'

तुम्हाला बँकेत सही करायला पाच मिनिटं लागायची, वन्सं. 'ता'चा काना दर वेळी मी बोट लावून दाखवायची. ते पोरीच्या मांडीवर पसरलेलं सगळं अक्षर माझं होतं, पिठाचे डाग माझे होते, अन् मला फक्त 'नाही गं' एवढं म्हणायचं होतं.

मी म्हणलं, 'व्हय. शाळेत पहिल्यापासून तसंच होतं त्यांचं.'